क्रूसयुद्धे : दोनशे वर्षांच्या रक्तपाताचा पाठ



आमच्या वस्तीतील रविवारच्या वर्गात एकदा जगाच्या इतिहासाचा पाठ चालू होता. फळ्यावर मी 'धर्मयुद्धे' असा मथळा लिहिला. सातवीतल्या एका मुलीने हात वर केला आणि विचारले, "गुरुजी, धर्मयुद्ध म्हणजे न्यायाने केलेले युद्ध ना? मग ह्यात न्यायाची बाजू कोणाची होती?" मला लगेच उत्तर देता आले नाही. घरी आल्यावर ध्यानात आले की चूक माझ्या मथळ्यातच होती. मराठीत धर्मयुद्ध म्हणजे नियम पाळून, न्यायासाठी केलेले युद्ध. त्या शब्दातच शाबासकी आहे. एखाद्या कत्तलीला हे नाव दिले की तिचा निम्मा दोष झाकला जातो. म्हणून प्रस्तुत पाठात मी तो शब्द वापरणार नाही. 'क्रूसयुद्ध' असे साधे नाव वापरीन.

ह्या युद्धांना निघालेले युरोपातील लोक अंगरख्यावर, खांद्यापाशी, कापडी क्रूस शिवून घेत. त्यावरून हे नाव पडले. त्या काळच्या अरब लेखकांनी ह्या युद्धांना असे वेगळे नाव दिले नव्हते. चालून आलेल्या लोकांना ते 'फ्रांज', म्हणजे फ्रँक लोक, एवढेच म्हणत. हाच शब्द फारसीच्या वाटेने आपल्याकडे आला आणि 'फिरंगी' झाला. तेव्हा ही हकीकत दूरदेशीची असली तरी तिचा एक शब्द आपल्या आजी-आजोबांच्याही तोंडी होता.

आपण हा पाठ का वाचावा? कारण आपल्या मुलांच्या कानांवर इतिहासाचे अर्धे दाखले पडतात. कोणी सांगतो, मुसलमानांनी असे केले. कोणी सांगतो, ख्रिस्त्यांनी तसे केले. दाखला खरा असतो, पण अर्धाच. उरलेला अर्धा आपण स्वतः वाचून जोडला पाहिजे. शिकलेल्या माणसाचे हे पहिले काम होय.

जेरुसलेम कोणाचे?

जेरुसलेम हे शहर तीन धर्मांना पवित्र आहे. ज्यू लोकांचे प्राचीन मंदिर तेथे होते. येशूला तेथे क्रुसावर चढविले आणि तेथेच त्याचे थडगे आहे, अशी ख्रिस्ती लोकांची श्रद्धा. पैगंबर महंमद तेथून स्वर्गारोहणास गेले, अशी मुसलमानांची श्रद्धा. इसवी सन ६३८ च्या सुमारास अरबांनी हे शहर बायझंटाईन साम्राज्याकडून घेतले. त्यानंतर चारशेहून अधिक वर्षे ख्रिस्ती व ज्यू लोक जिझिया कर भरून तेथे राहत होते आणि युरोपातून यात्रेकरूही येत होते. हा काळ सर्वस्वी सुखाचा नव्हता. १००९ मध्ये इजिप्तचा फातिमी खलिफा अल्-हाकिम ह्याने येशूच्या थडग्यावरील चर्च पाडविले. पुढे त्याच शतकात बायझंटाईन सम्राटाच्या साहाय्याने ते पुन्हा उभे राहिले.

१०७१ मध्ये मांझिकर्टच्या लढाईत सेल्जुक तुर्कांनी बायझंटाईन सम्राटाचा पराभव केला आणि आजच्या तुर्कस्तानचा मोठा प्रदेश साम्राज्याच्या हातून गेला. पुढे सम्राट अलेक्सियस ह्याने पश्चिमेकडे लष्करी मदत मागितली. २७ नोव्हेंबर १०९५ रोजी फ्रान्समधील क्लेर्माँ येथे पोप दुसरा अर्बन ह्याने भाषण केले आणि लोकांना जेरुसलेमकडे कूच करण्यास सांगितले. त्या भाषणाचे जे वृत्तांत आज मिळतात ते सर्व मागाहून लिहिलेले आहेत आणि एकमेकांशी जुळत नाहीत. पण त्या परिषदेचा एक ठराव मिळतो. त्याचा आशय असा की, जो कोणी मानासाठी वा पैशासाठी नव्हे, केवळ भक्तीने जेरुसलेमच्या मुक्तीसाठी जाईल, त्याचा तो प्रवास हेच त्याच्या पापांचे संपूर्ण प्रायश्चित्त समजले जाईल.

ह्या ठरावाचे मर्म समजून घ्या. तोपर्यंत ख्रिस्ती सरदाराच्या मनात मोठी धास्ती होती. लढणे हा त्याचा धंदा आणि माणसे मारणे हे पाप. मग आपली गत काय? पोपच्या ठरावाने हा पेच सोडविला. ज्या कृत्याचे प्रायश्चित्त घ्यावे लागे, तेच कृत्य आता प्रायश्चित्त ठरले.

हे लोक निव्वळ लुटीसाठी गेले असे पुष्कळदा सांगितले जाते. तेही अर्धसत्य आहे. लूट झाली, राज्येही बळकावली गेली. परंतु त्या काळची दानपत्रे व गहाणखते अभ्यासकांनी तपासली, तेव्हा असे दिसले की अनेक सरदारांनी ह्या मोहिमेसाठी स्वतःच्या जमिनी गहाण टाकल्या किंवा विकल्या. ते खऱ्या श्रद्धेने निघाले होते. माझ्या मते भीती वाटावी अशी गोष्ट हीच आहे. लोभी माणूस फायदा संपला की थांबतो. आपण पुण्य करीत आहोत अशी ज्याची खात्री झाली, त्याला थांबण्याचे कारणच उरत नाही.

पहिले बळी

ह्या मोहिमेतील पहिले मोठे हत्याकांड जेरुसलेमला झाले नाही. ज्यांच्याविरुद्ध मोहीम निघाली त्या तुर्कांचेही ते नव्हते. १०९६ च्या उन्हाळ्यात जर्मनीत, ऱ्हाईन नदीच्या काठी, जमावांनी आपल्याच शेजारच्या ज्यू वस्त्यांवर हल्ले केले. देवाचे शत्रू आपल्या दाराशी असताना दूर कशाला जायचे, असा त्यांचा हिशेब होता. श्पायर येथील बिशपने बहुतेक ज्यूंना आश्रय देऊन वाचविले. व्होर्म्स व माइन्त्स येथे बिशपांच्या वाड्यांत आश्रय घेतलेले लोकही वाचले नाहीत. शेकडो माणसे मारली गेली. काही आईबापांनी जमावाच्या हाती पडण्यापेक्षा आपल्या लेकरांचा व स्वतःचा अंत आपल्याच हाताने केला, असे हिब्रू बखरींत नमूद आहे.

कित्येकांना मृत्यूची भीती घालून बाप्तिस्मा देण्यात आला. पुढच्याच वर्षी, १०९७ मध्ये, सम्राट चौथा हेन्री ह्याने अशा लोकांना आपल्या मूळ धर्मात परत जाण्याची मोकळीक दिली. आपल्या वडीलधाऱ्यांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला दीक्षा घेतली ती स्वतःच्या पायांनी चालत जाऊन, वर्षानुवर्षे विचार करून. त्यामुळे मानेवर सुरी ठेवून केलेल्या धर्मांतराची किंमत आपल्याला सांगायला नको. भीती सरताच ते गळून पडले, ह्यात नवल नाही.

१५ जुलै १०९९

मुख्य सैन्ये तीन वर्षे चालत, लढत, उपाशी मरत जेरुसलेमला पोहोचली. मुसलमानांत तेव्हा फूट होती. सेल्जुक तुर्क सुन्नी, इजिप्तचे फातिमी शिया, आणि दोघांचे आपसांत वैर. १०९८ मध्ये फातिमींनीच जेरुसलेम तुर्कांच्या ताब्यातून घेतले होते. म्हणजे ज्या तुर्कांच्या तक्रारीवरून मोहीम सुरू झाली ते तुर्क आता शहरात नव्हतेच! तरी वेढा पडला आणि १५ जुलै १०९९ रोजी शहर पडले. त्या दिवशी व पुढे मुसलमान आणि ज्यू रहिवाशांची कत्तल झाली. ज्यू लोक सभास्थानात जमले असता ते पेटवून दिले गेले, असे दमास्कसचा बखरकार लिहितो. नंतरच्या अरबी ग्रंथांत मृतांचा आकडा ७०,००० दिला आहे. आजचे इतिहासकार तो फुगविलेला मानतात आणि काही हजार असा अंदाज करतात. परंतु कत्तल झाली ह्याविषयी वाद नाही, कारण जिंकणाऱ्यांच्या बखरकारांनीच ती अभिमानाने लिहून ठेवली आहे.

दोन बारीक गोष्टी लक्षात ठेवा. पहिली अशी की, शहराचा फातिमी सुभेदार बुरुजात जाऊन बसला, त्याने बुरुज हवाली करून स्वतःच्या शिबंदीसह सुटका करून घेतली आणि तो सुखरूप बाहेर पडला. किल्लेदार वाचला, रयत मेली. दुसरी गोष्ट कैरो येथे सापडलेल्या जुन्या पत्रांवरून कळते. अस्कलोन गावच्या ज्यू मंडळींनी वर्गणी जमवून जेरुसलेमचे कैदी सोडवून आणले आणि त्यांच्याबरोबर लुटीत गेलेले धर्मग्रंथही पैसे देऊन परत मिळविले. आणखी मदतीसाठी त्यांनी इजिप्तच्या बांधवांना पत्रे लिहिली. मोहिमेचा जयजयकार करणारे ग्रंथ पुष्कळ आहेत, पण वर्गणीचा हिशेब देणारे हे पत्र मला त्या सर्वांहून थोर वाटते.

लढाईखालचे आयुष्य

जिंकलेल्या मुलखात क्रूसवाल्यांनी चार राज्ये स्थापिली : इडेसा, अँटिऑक, जेरुसलेम आणि त्रिपोली. पण दोनशे वर्षे रोज कोणी लढत नसतो. उसामा इब्न मुन्किध नावाच्या सीरियातील सरदाराने आपल्या आठवणी लिहिल्या आहेत. जेरुसलेमला गेला की तो मशिदीत नमाज पढण्यास जाई. मशीद टेम्पलर नावाच्या लढाऊ ख्रिस्ती पंथाच्या ताब्यात होती, पण तेथील टेम्पलर त्याचे स्नेही होते आणि ते त्याला जागा करून देत. एकदा नुकत्याच युरोपातून आलेल्या एका फ्रँकाने त्याचे तोंड बळेच पूर्वेकडे वळविले व असे प्रार्थना कर म्हणून दरडावले. टेम्पलरांनी त्या माणसाला ओढून बाहेर काढले आणि हा नवखा आहे म्हणून उसामाची क्षमा मागितली. शेजारी राहिलेला माणूस आणि द्वेष ऐकून आलेला माणूस ह्यांत एवढा फरक पडतो.

१९८४ नव्हे, ११८४ सालची दुसरी हकीकत ऐका. स्पेनचा मुसलमान प्रवासी इब्न जुबैर दमास्कसहून अक्का बंदरास गेला. एकीकडे सैन्ये लढत होती आणि त्याच वेळी व्यापाऱ्यांचे तांडे दोन्ही मुलखांतून बिनधास्त ये-जा करीत होते, हे पाहून तो चकित झाला. वाटेत त्याला फ्रँकांच्या अमलाखालील मुसलमान शेतकरी भेटले. ते निम्मे पीक आणि दरडोई एक दिनार पाच किरात भरत. घरे त्यांचीच होती. इब्न जुबैरला वाईट वाटले, कारण शेजारच्या मुलखात स्वधर्मीय जमीनदाराच्या हाताखालील कुळांचे हाल ह्यांच्याहून अधिक होते. जमिनीवर राबणाऱ्याचा प्रश्न मालकाचा धर्म बदलल्याने आपोआप सुटत नाही, हे आठशे वर्षांपूर्वीच्या एका धर्मनिष्ठ प्रवाशाने खेदाने का होईना लिहून ठेवले आहे.

सलादिन आणि रिचर्ड

११४४ मध्ये झंगी ह्याने इडेसा घेतले. ते परत मिळविण्यास निघालेल्या दुसऱ्या मोहिमेने ११४८ मध्ये दमास्कसवर हल्ला केला. हे शहर पूर्वी जेरुसलेमच्या ख्रिस्ती राज्याशी तह करून राहिलेले होते. हल्ला फसला आणि मित्र शत्रू झाला.

पुढे कुर्द कुळातील सलाहुद्दीन, ज्याला युरोप सलादिन म्हणतो, त्याने इजिप्त व सीरिया एका हाताखाली आणले. ४ जुलै ११८७ रोजी हत्तिन येथे त्याने क्रूसवाल्यांचे सैन्य बुडविले आणि २ ऑक्टोबरला जेरुसलेम शरण आले. त्याने १०९९ ची कत्तल पुन्हा केली नाही, ही गोष्ट त्याच्या शत्रूंनीही वाखाणली. पुरुषास दहा दिनार, स्त्रीस पाच आणि मुलास एक अशी खंडणी भरून लोकांना जाऊ दिले. अनेक गरिबांना त्याने व त्याच्या भावाने खंडणीवाचून सोडले. तरीही ज्यांच्याजवळ पैसे नव्हते असे हजारो लोक गुलाम झाले. शहराचा ख्रिस्ती धर्मगुरू मात्र चर्चची संपत्ती बरोबर घेऊन निघून गेला, असे बखरकार नोंदवितात. हत्तिननंतर पकडलेल्या लढाऊ पंथांच्या सुमारे दोनशे स्वारांची मुंडकी ह्याच सलादिनच्या हुकुमाने उडविण्यात आली. थोर माणसाचे वर्णनही पुरते करावे, अर्धे करू नये.

जेरुसलेम गेल्याची वार्ता कळताच ११८८ मध्ये इंग्लंड व फ्रान्समध्ये 'सलादिन दशमांश' नावाचा कर बसला. उत्पन्नाचा व जंगम मालमत्तेचा दहावा हिस्सा द्यायचा. जो स्वतः क्रूस घेऊन निघेल त्याला माफी. घोडा, चिलखत आणि वाटखर्च जवळ असणाऱ्याला माफी मिळविणे सोपे होते. मागे राहिलेल्या कष्टकऱ्याला कर चुकत नव्हता. इंग्लंडचा राजा रिचर्ड ह्या मोहिमेचा नायक म्हणून गाजला. त्याने अक्का बंदर घेतले आणि तहाच्या अटींना उशीर झाला म्हणून २० ऑगस्ट ११९१ रोजी सुमारे २,७०० कैदी शहराबाहेर नेऊन ठार मारविले. त्याला जेरुसलेम मिळाले नाही. सप्टेंबर ११९२ मध्ये तह झाला. शहर सलादिनकडे राहिले आणि ख्रिस्ती यात्रेकरूंना निःशस्त्र येण्याची मुभा मिळाली.

क्रूस विरुद्ध क्रूस

चौथ्या मोहिमेची हकीकत तर डोळ्यांत अंजन घालणारी आहे. १२०१ मध्ये व्हेनिसच्या व्यापारी राज्याशी ३३,५०० लोकांसाठी जहाजांचा करार झाला. किंमत ८५,००० मार्क चांदी. प्रत्यक्षात जमले सुमारे बारा हजार. पैसे फिटेनात. तेव्हा कर्जाच्या मोबदल्यात व्हेनिसला हवे असलेले झारा हे ख्रिस्ती शहरच त्यांनी १२०२ मध्ये जिंकून दिले. मग एका बायझंटाईन राजपुत्राने भरमसाट रकमेचे वचन देऊन त्यांना आपल्या गादीसाठी कॉन्स्टँटिनोपलला नेले. त्यालाही पैसे देता आले नाहीत. अखेर एप्रिल १२०४ मध्ये क्रूस धारण केलेल्या सैन्याने पूर्वेकडील ख्रिस्ती जगाची ही राजधानी लुटली. चर्चही सुटली नाहीत. तेथून नेलेले चार कांस्य अश्व आजही व्हेनिसमध्ये आहेत. ज्या साम्राज्याच्या मदतीसाठी १०९५ मध्ये हाक दिली गेली होती, तेच क्रूसवाल्यांनी मोडून टाकले. २००१ मध्ये अथेन्स येथे पोप दुसरे जॉन पॉल ह्यांनी ह्या लुटीचा उल्लेख करून खेद व्यक्त केला. मध्ये आठशे वर्षे गेली होती.

पाच वर्षांनी, २२ जुलै १२०९ रोजी, दक्षिण फ्रान्समधील बेझिए शहरात पाखंडी ठरविलेल्या कॅथार पंथीयांविरुद्ध हेच हत्यार वापरले गेले. तेथे पाखंडी आणि पोपला मानणारे असे दोघेही सरसकट मारले गेले. शत्रूला मारणे हे पुण्य, असे एकदा ठरले की शत्रू कोण हे ठरविणाऱ्याच्या हाती सर्व सत्ता जाते. आज परधर्मीय, उद्या स्वधर्मातील परपंथीय, परवा कर्जदार!

न लढता मिळालेले शहर

ह्या दोनशे वर्षांत एकदा जेरुसलेम रक्तावाचून हस्तांतरित झाले. जर्मन सम्राट दुसरा फ्रेडरिक सिसिलीत वाढला होता, अरब विद्वानांशी त्याचा परिचय होता. इजिप्तचा सुलतान अल्-कामिल हाही समेटाकडे झुकणारा होता. १२१९ मध्ये ऐन लढाईत असिसीचा संत फ्रान्सिस शत्रूच्या छावणीत गेला, तेव्हा ह्याच सुलतानाने त्याला भेट देऊन सुखरूप परत पाठविले होते. १८ फेब्रुवारी १२२९ रोजी दोघांत दहा वर्षांचा तह झाला. जेरुसलेम, बेथलेहेम व नाझरेथ ख्रिस्त्यांकडे आणि मशिदींचा परिसर मुसलमानांकडे.

दोन्ही बाजूंच्या लोकांनी ह्या दोघांचा सत्कार केला असेल असे तुम्हांला वाटेल. फ्रेडरिक आधीच पोपने बहिष्कृत केलेला होता. ख्रिस्ती धर्मगुरूने त्याच्याशी निगडित शहरावरच बंदी घातली आणि तो परत निघाला तेव्हा अक्का बंदरातील खाटकांनी त्याच्यावर जनावरांची आतडी फेकली, असे बखरीत आहे. इकडे दमास्कसच्या मशिदीत सुलतानाच्या नावाने शोक करणारे प्रवचन झाले. रिचर्डच्या कथा युरोपात मुलांना सांगितल्या जातात. ह्या तहाची कथा किती घरांत सांगितली जाते?

१२४४ मध्ये ख्वारझमी टोळ्यांनी जेरुसलेम घेतले आणि लुटले. १२६८ मध्ये मामलूक सुलतान बैबर्स ह्याने अँटिऑक घेऊन तेथे भयंकर कत्तल केली. १८ मे १२९१ रोजी अक्का पडले आणि तेथेही तलवार चालली. दोनशे वर्षांनंतर किनाऱ्यावरील क्रूसवाल्यांची सत्ता संपली.

काय उरले?

युद्धांमुळे दोन संस्कृतींत ज्ञानाची देवघेव झाली असे काही पुस्तकांत असते. खरी देवघेव व्यापारी आणि भाषांतरकार ह्यांनी केली, तीही मुख्यतः स्पेन व सिसिली येथे. पिसाचा लिओनार्दो, ज्याला फिबोनाची म्हणतात, तो उत्तर आफ्रिकेतील बंदरात वडिलांबरोबर राहून अंक शिकला आणि १२०२ मध्ये त्याने आपल्या गणितग्रंथात ते 'भारतीय अंक' म्हणून युरोपास समजावून दिले. झाराला वेढा पडला त्याच वर्षी! शून्यासह दहा चिन्हांनी सगळे जग हिशेब करू लागले. त्यासाठी कोणाचे मुंडके उडवावे लागले नाही.

द्वेषाचा वारसा मात्र टिकला. पोर्तुगालमध्ये टेम्पलरांच्या मालमत्तेवर १३१९ मध्ये 'ख्रिस्त संघ' स्थापन झाला. त्याचा क्रूस शिडांवर घेऊन वास्को द गामाची जहाजे १४९८ मध्ये भारतास आली. १५१० मध्ये अल्बुकर्कने गोवा घेतला तेव्हा शहरातील मुसलमानांची कत्तल करविली आणि तसे आपल्या राजाला पत्राने कळविले. अशा रीतीने फिरंगी हा शब्द आणि त्यामागील वैर दोन्ही आपल्या किनाऱ्याला लागले.

पुढच्या रविवारी मी त्या मुलीला उत्तर दिले. मी म्हणालो, "बाळ, न्यायाची बाजू शोधायची तर झेंडे पाहू नकोस. श्पायरचा बिशप पाहा, अस्कलोनचे वर्गणी जमविणारे ज्यू पाहा, उसामाची क्षमा मागणारे टेम्पलर पाहा, खंडणीवाचून गरिबांना सोडणारा सलादिन पाहा. आणि त्याच सलादिनचे कैदीही विसरू नकोस." ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "म्हणजे प्रत्येक वेळी नव्याने पाहावे लागेल." एवढे तिला कळले, तर माझा पाठ झाला असे मी समजतो.

घरी हा पाठ मोठ्याने वाचून पुढील प्रश्नांवर सर्वांनी, आईवडिलांनी व मुलांनी मिळून, चर्चा करावी :

१. क्लेर्माँच्या ठरावाने लढाईचे पाप पुण्य कसे झाले?

२. सलादिन दशमांश कर कोणी भरला आणि कोणी चुकविला?

३. १२२९ च्या तहावर दोन्ही बाजूंचे लोक का रागावले असतील?

४. आपल्या गावात वा वस्तीत इतिहासाचा कोणता अर्धा दाखला तुम्ही ऐकला आहे? त्याचा दुसरा अर्धा कोठे शोधाल?